साहेबांना झोप लागली पाहिजे

अगं, शेवटच्या फेरीला बोलावलंय म्हणजे तुला काम येतं हे त्यांनी मान्य केलंय. डिपार्टमेंटच्या माणसाने तुला ड्रॉइंग वाचायला लावलं, कंट्रोल चार्ट विचारला, ते जमलं म्हणून तर हा फोन आला. तेव्हा आता रात्र रात्र जागून आयएटीएफ १६९४९ ची कलमं घोकत बसू नकोस. भोसरी-चाकणच्या कारखान्यांतल्या पर्सोनेल खात्यात माझा जन्म गेला. एचआर हे नाव पुढे आलं. टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीवर बसून एक गोष्ट मात्र पक्की कळली. शेवटच्या फेरीतले साहेब मनात एकच प्रश्न घेऊन बसलेले असतात: या मुलीवर काम सोपवून आपल्याला रात्री घरी स्वस्थ झोप लागेल का? बाकी काहीही विचारलं तरी खालून हाच प्रश्न वाहत असतो. पुढचं सगळं तेवढ्यासाठीच सांगतेय.

समोर कोण बसणार, ते आधी विचारून घे

मुलाखतीची तारीख कळवणारा मेल आला की उत्तरात सरळ विचार: कोण कोण असणार, किती वेळ चालेल, शॉप फ्लोअर दाखवणार का. एचआरवाले सांगतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही. तुझ्यासारख्या क्वालिटी इंजिनिअरच्या जागेसाठी साधारण तिघं असतात: प्लान्ट हेड, क्वालिटीचे साहेब आणि एचआर हेड. घरची कंपनी असेल तर मालक स्वतः, नाहीतर नुकताच परदेशातून शिकून आलेला त्यांचा मुलगा किंवा मुलगी.

तिघांची झोप वेगवेगळ्या कारणाने उडते. प्लान्ट हेडला डिस्पॅच आणि ग्राहकाची लाइन थांबण्याची धास्ती. गाडी बनवणाऱ्या कंपनीची लाइन आपल्या पार्टमुळे थांबली तर येणारा फोन त्यांनाच घ्यावा लागतो. क्वालिटीच्या साहेबांना वाटतं, ही मुलगी ऑडिटची कागदपत्रं सांभाळेल, की तीही माझ्याच डोक्यावर पडतील? एचआर हेडच्या मनात जॉइनिंगची तारीख असते, आणि आत आधीपासून असलेल्या लोकांच्या पगाराशी तुझा आकडा कसा जुळवायचा हे कोडं असतं. कोणी काय विचारलं यापेक्षा कोणी विचारलं हे बघ आणि त्याच्या काळजीला उत्तर दे. ‘क्वालिटी म्हणजे काय’ असं प्लान्ट हेडने विचारलं तर पुस्तकातली व्याख्या सांगू नकोस. खराब पार्ट गेटबाहेर जाऊ न देता गाडी वेळेवर कशी सुटेल, यावर बोल.

कंपनीची माहिती वेबसाइटवरून काढू नकोस

वेबसाइटवर सगळेच ‘जागतिक दर्जाचे’ असतात. कंपनी शेअर बाजारात असेल तर बीएसई किंवा एनएसईच्या साइटवर तिचा वार्षिक अहवाल मिळतो. त्यातलं अध्यक्षांचं भाषण सोडून दे. धोक्यांबद्दल लिहिलेला भाग वाच. कंपनी खाजगी असेल तर एक वाट फार थोड्यांना ठाऊक असते. बँकेचं मोठं कर्ज घेतलेल्या पुष्कळ कंपन्यांना क्रिसिल, इक्रा किंवा केअर यांच्यापैकी कोणीतरी पत मानांकन दिलेलं असतं, आणि त्यामागची कारणं त्या संस्था आपल्या साइटवर फुकट टाकतात. दोन-चार पानांत सगळं असतं: धंदा किती, एकाच ग्राहकावर किती विसंबून आहेत, नवा प्लान्ट टाकलाय का, कर्ज किती. ‘तुमचा बराचसा धंदा दुचाकीच्या पार्ट्सवर आहे, इलेक्ट्रिक गाड्यांमुळे यातलं काय बदलेल?’ एवढा एक प्रश्न तू विचारलास तर मालक खुर्चीत सावरून बसतील.

दुसरी वाट गेटवरची. पहिली पाळी सुटायच्या वेळेला गेटसमोरच्या टपरीवर चहा घे. पगार सात तारखेच्या आत होतो का, कंत्राटी माणसं किती, गेल्या वर्षात क्वालिटीची किती माणसं सोडून गेली, हे तिथे कळतं. ऐकलेलं मुलाखतीत बोलून दाखवू नकोस. ते तुझं तुला ठरवण्यासाठी आहे.

बायोडेटाच्या प्रत्येक ओळीमागे एक गोष्ट हवी

शेवटच्या फेरीत ज्ञान तपासत नाहीत, पण शब्द तपासतात. तू लिहिलंयस, ‘रिजेक्शन कमी केले.’ किती होतं, किती झालं? कोणत्या पार्टचं? किती महिन्यांत? मोजलं कोणी? नंतर पुन्हा वाढलं का? आकडा नीट आठवत नसेल तर ‘साधारण इतकं, नक्की आकडा आत्ता जवळ नाही’ म्हण. ठोकून दिलेला आकडा तिसऱ्या उपप्रश्नाला पडतो, आणि मग खरे आकडेही खोटे वाटायला लागतात.

पाच-सहा प्रसंग कागदावर काढ. एक, ग्राहकाची तक्रार आली आणि तू एट-डी रिपोर्ट लिहिलास तो. एक, प्रोडक्शनशी वाजलं तो. एक, तुझ्या बाजूने काम फसलं तो. एक, वयाने मोठ्या ऑपरेटरकडून काम करून घ्यावं लागलं तो. एक, वरिष्ठ नसताना निर्णय घ्यावा लागला तो. प्रत्येकात चार गोष्टी क्रमाने यायला हव्यात: काय अडलं होतं, त्यात माझ्याकडे काय होतं, मी काय केलं, शेवटी काय झालं. दोन मिनिटांत संपव. ‘आम्ही’ आणि ‘मी’ वेगळं ठेव. सगळीकडे ‘मी’ म्हणालीस तर टीममध्ये जमणार नाही असं वाटतं. सगळीकडे ‘आम्ही’ म्हणालीस तर तू काय केलंस तेच कळत नाही.

फसलेल्या कामाचा प्रश्न हमखास येतो. ‘मी फार परफेक्शनिस्ट आहे, हाच माझा दोष’ हे उत्तर ऐकून आमचे कान किटलेत. खरा प्रसंग सांग, आणि त्यानंतर तुझ्या कामाच्या पद्धतीत काय बदललं ते सांग. चेकशीटमध्ये रकाना वाढवला, पहिल्या पीसची तपासणी सेटिंग बदललं की पुन्हा करायची असं लावून घेतलं, जे असेल ते. पद्धत बदललेली ऐकली की साहेबांचा जीव भांड्यात पडतो.

एक पथ्य कडक पाळ. आत्ताच्या कंपनीचे रेट, ग्राहकाचं ड्रॉइंग, कुठल्या ऑडिटमध्ये काय सापडलं, यातलं काही सांगायचं नाही. कधीकधी मुद्दाम खोदून विचारतात. हसून म्हण, ‘सर, तो तपशील सांगणं बरोबर होणार नाही, पद्धत सांगते.’ आज तिकडचं इथे सांगणारी उद्या इथलं तिकडे सांगेल, हे समोरच्याला कळतं. जुन्या साहेबांची निंदा केलीस तरी तोच हिशेब लागतो.

रात्री दोन वाजताचा प्रश्न

क्वालिटीच्या माणसाला हा प्रश्न या ना त्या रूपात विचारतातच. तिसरी पाळी चालू आहे, डिस्पॅचची गाडी गेटवर उभी आहे, लॉटमध्ये संशय आलाय, साहेब फोन उचलत नाहीत. काय करशील?

‘लाइन थांबवीन’ एवढंच म्हणणारी मुलं धीट दिसतात, पण प्लान्ट हेडच्या पोटात गोळा येतो. ‘साहेबांची वाट बघीन’ म्हणणारी तर त्याहून वाईट. उत्तर पायरीपायरीने दे. संशयित लॉट होल्डवर, लाल टॅग लावून बाजूला. शेवटचा चांगला निकाल कधीचा, तिथून पुढचा सगळा माल संशयित धरायचा. आधी गेलेल्या मालात काही गेलंय का, ते बघायचं. शंभर टक्के तपासणीसाठी दोन माणसं शिफ्ट सुपरवायझरकडून मागायची. तपासून चांगले निघालेले किती पीस पहाटेपर्यंत देता येतील, हा आकडा डिस्पॅचला कळवायचा. साहेबांना फोनबरोबर लेखी मेसेज टाकायचा, वेळ घालून. सकाळी मूळ कारणाचा शोध, व्हाय-व्हाय करून. शेवटी एवढं म्हण: ‘खात्री नसलेला पीस माझ्या सहीने जाणार नाही. पण गाडीसाठी मी काय देऊ शकते, तेही सांगेन.’ या वाक्यात त्यांना हवी असलेली दोन्ही माणसं आहेत.

आधीच्या फेरीतली दुखरी जागा

घरी बसून आठव, मागच्या फेरीत कुठे अडखळलीस. त्या फेरीची टिपणं आज समोरच्यांच्या हातात असणार. तोच प्रश्न परत येण्याचा संभव मोठा असतो, कारण त्यांना बघायचं असतं की ही अडलेलं काम पुरं करून येते का. आधी जे सांगितलंस त्याच्याशी आजचं जुळलं पाहिजे. नोकरी का सोडतेस याचं एक खरं, छोटं कारण ठरव आणि सगळ्यांना तेच सांग.

लग्नाचा प्रश्न

विचारायला नको, तरी विचारतात. भरतीत बाई-पुरुष भेद करायला १९७६ च्या समान वेतन कायद्यानेच मनाई केली होती. २०१७ च्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, आणि पन्नास किंवा जास्त माणसांच्या आस्थापनेत पाळणाघराची सोय द्यावी लागते. हे तुला माहीत असू दे. तिथे भाषण द्यायची गरज नाही. ‘लग्नाचं काय ठरलंय?’ असं आलं तर शांतपणे प्रश्न कामाकडे वळव: ‘शिफ्ट, प्रवास, ऑडिटच्या वेळची जास्तीची बैठक याबद्दल विचारत असाल तर माझी तयारी अशी आहे.’ आणि खरी तयारी असेल तेवढीच सांग. तरीही कोणी त्याच विषयावर घोळत राहिलं तर मनात खूण कर. परीक्षा त्यांचीही चालू आहे.

तू काय विचारशील

‘काही विचारायचंय?’ म्हटल्यावर ‘नो सर’ म्हणू नकोस. पहिला प्रश्न: ही जागा नवी आहे की कोणी सोडून गेलंय? दुसरा: क्वालिटीचे साहेब कोणाला रिपोर्ट करतात, थेट प्लान्ट हेडला की प्रोडक्शनला? याचं उत्तर कान देऊन ऐक. क्वालिटी जिथे प्रोडक्शनच्या हाताखाली असते तिथे महिनाअखेरीला लाल टॅग आपोआप हिरवे होतात. तिसरा: पहिल्या सहा महिन्यांत माझ्याकडून काय झालं म्हणजे निवड बरोबर झाली असं तुम्हाला वाटेल? या प्रश्नावर साहेब आपली खरी काळजी बोलून जातात. बसची सोय, दुसऱ्या पाळीनंतर घरी सोडतात का, शॉप फ्लोअरजवळ बायकांसाठी स्वच्छतागृह आहे का, हे एचआरला विचार. विचारायला संकोच कसला?

पगाराचं गणित घरी करून जा

इथे शिकलेली मुलंही गंडतात. समज, त्यांनी वर्षाचा सीटीसी ६ लाख सांगितला. तू मनात बाराने भागून ५० हजार धरलेस. आता उलगडून बघ. त्यात १० टक्के, म्हणजे ६० हजार, व्हेरिएबल. ते वर्षाअखेरीला, कंपनीच्या आणि तुझ्या कामगिरीवर. बेसिक निम्मं, म्हणजे ३ लाख. त्यावर १२ टक्के कंपनीचा पीएफचा वाटा, ३६ हजार. ४.८१ टक्के ग्रॅच्युइटी, म्हणजे १४,४३०. तीही सीटीसीतच धरतात, आणि कायम नोकरीत ती हातात पडायला पाच वर्षं पुरी व्हावी लागतात. उरले ४,८९,५७०. त्यातून तुझा स्वतःचा पीएफ ३६ हजार आणि व्यवसाय कर वर्षाचा २,५००. राहिले ४,५१,०७०. महिन्याला साधारण ३७,५००. पीएफ कुठे जात नाही, तो तुझाच आहे. पण खोलीचं भाडं त्यातून देता येत नाही. काही कंपन्या पीएफ १५ हजारांच्या मर्यादेवर, म्हणजे महिना १,८०० रुपयेच कापतात. मग हातातली रक्कम वाढते आणि साठणारी घटते. म्हणून आकडा ऐकला की विचार: फिक्स्ड किती, व्हेरिएबल किती, पीएफ पूर्ण बेसिकवर की मर्यादेवर, मेडिक्लेमचा हप्ता सीटीसीत धरलाय का.

तुझी अपेक्षा विचारली तर एक आकडा सांग आणि गप्प बस. लगेच ‘पण थोडं कमी-जास्त चालेल’ असं स्वतःच उतरवू नकोस. याच्या खाली नाही, असा आकडा मनात असू दे, तो बोलू नकोस. आत्ताचा पगार मात्र फुगवून सांगायचा नाही. तीन महिन्यांच्या पगारस्लिपा, बँकेचं स्टेटमेंट, फॉर्म १६ मागतातच, आणि युएएनवरून आधीच्या नोकऱ्यांच्या तारखा दिसतात. तिथे एक खोट निघाली की शेवटची फेरी पार करूनही नाव कटतं.

जॉइनिंगचंही तसंच. तुझी नोटीस दोन महिन्यांची असेल तर ‘पंधरा दिवसांत येते’ म्हणू नकोस. नोटीस नीट पुरी करून, काम हातावेगळं करून येईन म्हण. आज त्यांना जरा थांबावं लागेल, पण तू त्यांनाही असं वाऱ्यावर सोडणार नाहीस हे त्यांना कळेल.

त्या दिवशी

नाशिक फाट्यापासून चाकणपर्यंतच्या रस्त्यावर भरवसा ठेवू नकोस, आणि तळेगाव-चाकण रस्त्यावर तर मुळीच नाही. एक तास आधी पोच आणि बाहेर बस. गेटवरच्या वॉचमनशी आणि रिसेप्शनवरच्या मुलीशी नीट बोल. मी कितीतरी वेळा उमेदवार गेल्यावर त्यांनाच विचारलंय, ‘कशी वाटली गं?’

शॉप फ्लोअर दाखवायला नेलं तर ती फेरफटक्याची वेळ समजू नकोस, तीही मुलाखतच. पाय झाकणारे सपाट बूट, केस बांधलेले, ओढणी नको. पिवळ्या पट्ट्यांच्या आतून चाल. विचारल्याशिवाय पार्ट उचलू नकोस. मशीनवर लावलेलं कंट्रोल प्लॅनचं पान, लाल पेटी, गेज कॅलिब्रेशनचं स्टिकर, यावर नजर जाऊ दे. एखाद्या ऑपरेटरला ‘हे गेज किती पीसनंतर लावता?’ असं मराठीत विचार. साहेब बघत असतात की तुला त्यांच्याशी बोलता येतं का.

भाषेचं ओझं घेऊ नकोस. ज्या भाषेत प्रश्न येईल त्याच भाषेत उत्तर दे. इंग्रजीत छोटी वाक्यं कर. शब्द अडला तर मराठी-हिंदी शब्द टाकून पुढे जा. क्वालिटीचं काम सगळं मिश्र भाषेतच चालतं. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचार. न कळता दिलेलं उत्तर क्वालिटीवाल्याला शोभत नाही.

झाल्यावर

त्याच रात्री विचारलेले प्रश्न वहीत उतरवून ठेव. एचआरला दोन ओळींचा आभाराचा मेल टाक, त्यात एखादं राहून गेलेलं उत्तर असेल तर एका वाक्यात घाल. आठवड्याने एकदा विचार. रोज फोन करू नकोस. ‘तुमचं झालंच समजा’ असं कोणीही, अगदी मालकांनी म्हटलं तरी, सहीचं ऑफर लेटर हातात येईपर्यंत इकडे राजीनामा द्यायचा नाही. कोणी ट्रेनिंगच्या नावाखाली पैसे किंवा मूळ प्रमाणपत्रं ठेवून घ्यायला मागितली तर तिथेच नमस्कार करायचा.

नकार आला तर मेलने एकदा कारण विचार. सांगितलं तर पुढच्या फेरीची तयारी झाली. नाही सांगितलं तरी तुझ्या वहीत प्रश्न आहेतच. होकार आला तर पेढ्यांची घाई करू नकोस, आधी ते पत्र मला पाठव. मी पगाराच्या आकड्याकडे शेवटी बघणार. आधी प्रोबेशन किती, नोटीस दोन्ही बाजूंना सारखी आहे का, आणि बॉण्ड कुठे लपवलाय ते. साहेबांच्या झोपेची व्यवस्था तू केलीसच, आता तुझ्याही झोपेची बघायला हवी.